सर्पदंश आणि २० मिनिटांची नळी

सर्पदंशाचा पेशंट कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आला की इंटर्नने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, आधी काय करायचं, असा एक प्रश्न आलाय. मराठवाड्यात पेरणीपासून सोयाबीन काढणीपर्यंत हे नेहमीचंच, म्हणून थोडी भर.

रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी बहुधा इंटर्नच्याच गळ्यात पडते. शिरेतलं ताजं २ मिली रक्त, नवी कोरडी काचेची नळी, आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त पातळच असेल तर विषाने गोठणं बिघडलंय, सीरम (सर्पविषावरचा उतारा) लागतं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली, तर धडधाकट माणसाचंही रक्त पातळच राहतं आणि उगाच सीरम चढतं. दर पाच मिनिटांनी हलवून बघणारे महाभागही असतातच!

पायाला सुतळी करकचून बांधलेली दिसली की लगेच सोडू नका. आधी सलाईनची लाइन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), अ‍ॅड्रिनलिन (जोराच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी घ्या, मग सोडा.

सीरमच्या बाटलीत १० मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून ती हळू फिरवा. खळाखळा हलवली की नुसता फेस. मात्रा लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. गांधी उठल्या, धाप लागली तर सीरम थांबवून मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन, मोठ्यांना ०.५ मिग्रॅ.

मण्यारच्या दंशात मात्र ही नळी काही सांगत नाही, विष मज्जातंतूंवर चालतं, रक्त नीट गोठतं. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, जड पापण्या एवढं दिसलं तर दंशाची खूण नसली तरी ‘गॅस’ म्हणून घरी धाडू नका. श्वासाचे स्नायू दुबळे होताहेत का ते कळायला, पेशंट एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजतो, ते दर तासाला केसपेपरवर लिहा.