मदत हवी आहे : जॉनी वेस्टचा मूळ पट्टा कसा ओळखावा?

लुई मार्क्स या अमेरिकी कंपनीने १९६५ पासून विकलेल्या जॉनी वेस्ट या साडेअकरा इंची काउबॉय बाहुल्याचा एक जुना संच माझ्या संग्रहात आला असून, त्यासोबतच्या सुट्या वस्तूंविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्लास्टिकचे अंग आणि सांधे शाबूत आहेत. मऊ व्हिनाइलची टोपी व जाकीट एकाच फिकट तपकिरी छटेचे आहेत. मात्र पिस्तुलाचा पट्टा बराच गडद असून त्याच्या कडा बोथट दिसतात, त्यामुळे तो याच बाहुल्याचा आहे, याच खेळण्यांच्या मालिकेतील दुसऱ्या बाहुल्याचा आहे, की मूळ वस्तूवरून साचा घेऊन अलीकडे ओतलेली प्रतिकृती आहे, हे मला ठरवता येत नाही. अशा प्रतिकृतीत बारीक नक्षी पुसट होते आणि ओतीव वस्तू आकसल्याने माप किंचित लहान भरते. परंतु ताडून पाहायला माझ्याकडे खात्रीचा नमुना नाही. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी पट्ट्याची लांबी आणि दिवसाच्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे छायाचित्र कृपया द्यावे. संच पूर्ण करण्याची घाई नाही. चुकीची वस्तू चढवण्यापेक्षा कंबर रिकामी ठेवणे मला अधिक योग्य वाटते.