‘एंडोफाइट’ बुरशीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: औषधी वनस्पतींच्या आत राहणाऱ्या बुरशीवर आणि तिच्यातल्या, मेंदूला उपयोगी ठरू शकणाऱ्या संयुगांवर एका मासिकासाठी लिहिते आहे. ‘एंडोफाइट’साठी ‘अंतर्वनस्पती’ लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, ‘वनस्पतीच्या आत वनस्पती?’ ‘न्यूरोइन्फ्लमेशन’ला ‘मेंदूची सूज’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: संपादकांची शंका रास्त आहे. हा शब्द १८६६मध्ये आंतोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञांनी रूढ केला. त्या काळी बुरशीही वनस्पतींतच मोजत. ग्रीकमधलं ‘फायटन’, म्हणजे वनस्पती, तेव्हापासून शब्दाला चिकटलेलं आहे. मराठीत ते ओझं कशाला? ‘अंतर्वासी बुरशी’ म्हणा.

‘परजीवी’ नको. आंब्यावरचं बांडगूळ लांबून दिसतं, फांदीतलं पाणी ओढतं. ही बुरशी पानातल्या पेशींच्या मधल्या फटींतून राहते आणि पान हिरवंगार असतं. ‘सहजीवी’ म्हणावं, तर झाडाला दरवेळी फायदा होतोच असं नाही. झाड दुबळं झालं की यांतल्याच काही रोग करतात. म्हणून नुसतं वास्तव्य सांगणारा शब्द बरा.

प्रयोगशाळेतही सगळी धडपड ‘आतली’ हे सिद्ध करण्यासाठीच असते. पान अल्कोहोलमध्ये बुडवायचं, मग ब्लीचच्या पाण्यात, मग निर्जंतुक पाण्यानं धुवायचं. शेवटच्या धुण्याचं पाणीही एका ताटलीत घालून ठेवतात. त्यात काही उगवलं नाही, तरच पानाच्या कापलेल्या कडेतून डोकावणारा पांढरा धागा आतला मानायचा.

आणखी एक उत्तर: ‘मेंदूची सूज’ अजिबात लिहू नका. रुग्णाच्या घरच्यांना त्यातून डोक्याला मार लागल्यानंतरची सूज कळते, नाहीतर मेंदूज्वर. इथे मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या रक्षक पेशी चिथावलेल्याच राहतात, नायट्रिक ऑक्साइड वगैरे सोडत बसतात आणि शेजारच्या चेतापेशींना इजा होते. ‘मेंदूतला दाह’ बरोबर. ‘चेतादाह’ म्हटलं तर तो न्यूरायटिस, म्हणजे नसेचा दाह होईल.

‘अँटि-इन्फ्लमेटरी’ला ‘दाहशामक’ पटकन सुचतं, पण ते आपण वाळ्याच्या सरबताला म्हणतो. ‘दाहरोधक’ लिहा. आणि कळकळीनं सांगतो, ‘मेंदूरक्षक औषध’ असं लिहू नका. या बुरशीतली बरीच संयुगं अजून ताटलीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवरच तपासलेली आहेत. ‘मेंदूरक्षक गुण दिसलेलं संयुग’ लांबलचक वाटेल, पण ते वाचून कुणी पाला उकळून आजोबांना पाजणार नाही.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. मग वाक्य असं करते: ‘चीनमध्ये अल्झायमरवर दिलं जाणारं हुपरझिन-ए हे द्रव्य हुपरझिया सेराटा या वनस्पतीतून मिळतं. वनस्पती फार सावकाश वाढते, पण तिच्यातल्या शिराया वंशाच्या एका अंतर्वासी बुरशीलाही हे द्रव्य बनवता येतं.’ हुपरझिन-ए हे मुख्यतः ॲसिटिलकोलिनची, म्हणजे चेतापेशींमधले निरोप पोचवणाऱ्या रसायनाची, मोडतोड रोखतं, म्हणून इथे ‘दाहरोधक’ वापरत नाही. आपल्याकडच्या नरक्या या झाडातल्या बुरशीचंही उदाहरण आहे, पण तिथलं कॅम्पटोथेसिन हे द्रव्य कर्करोगाच्या औषधांकडे जातं, ते वेगळ्या चौकटीत घेईन. अनेकवचन ‘बुरशी’ की ‘बुरश्या’?

उत्तर: बुरश्या. भाकरी–भाकऱ्या, तसंच.