अडखळत बोलतो आणि आता पार्टीला फोन करायचं काम आलंय, साहेबांना आधी सांगून टाकू का?

स्लोलोकल_बदलापूर
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. वय २८, लहानपणापासून अडखळतो. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचो, बाईंनापण सवय झाली होती. सध्या अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, पाच वर्षं एक्सेल आणि ईमेलवर मजेत गेली पण एप्रिलपासून रिकव्हरी माझ्या गळ्यात आलीये, म्हणजे पार्टीला फोन करायचा आणि आउटस्टँडिंग मागायचं.

शब्द बदलून बोलण्यात मी एकदम पटाईत आहे. घ अडकतो म्हणून कॉलेजात असताना तिकीट खिडकीवर घाटकोपरऐवजी विद्याविहार मागायचो, एक स्टेशन पुढचं, जास्त पैसे गेले तर गेले पण मागची लाईन बोंबलायला नको. मशीन आलं, मोबाईलवर तिकीट आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल. पण आकडा कसा बदलणार? आणि स्वतःचं नाव? तेपण प वरूनच आहे.

गेल्या महिन्यात एका पार्टीला पंचावन्न हजार बाकी आहेत हे सांगायचं होतं. (हिंदीत पचपन, परत प. इंग्लिशमधला फ तर विचारूच नका.) मी पं पं पंच करतोय तोवर समोरचा म्हणाला 'पंचेचाळीस ना?' आणि मी हो म्हणालो. त्या क्षणी नुसतं सुटल्यासारखं वाटलं हो. त्याने पंचेचाळीस पाठवले, लेजर जुळेना, साहेबांनी विचारलं तर म्हणालो त्यांनी चुकीचं ऐकलं असेल. म्हणजे खोटं बोललो, आणि तेपण अडखळत.

तर साहेबांना स्पष्ट सांगावं का, की गपचूप थेरपी करून सुधारायची वाट बघावी? कुणी नोकरीत हे केलंय का?

कोकणी_मेवा
वेखंड उगाळून मधातून जिभेला लावा रोज सकाळी, आणि शंख वाजवा. माझ्या भाच्याचं सहा महिन्यांत पूर्ण गेलं.

स्पीचवाली_ठाणे
@कोकणी_मेवा दादा, भाचा किती वर्षांचा होता?

मी याच फील्डमध्ये काम करते. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधीतरी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप बरी होतात, म्हणून क्रेडिट वेखंडाला जातं. मोठेपणी जे राहतं ते साधारण एक टक्का लोकांत, आणि त्यात पुरुष बायकांच्या जवळपास चौपट. जिभेत काही दोष नसतो. मेंदूकडून ओठ, जीभ, श्वास यांना जे सिग्नल जातात त्यांचं टायमिंग हुकतं, बऱ्याच घरांत ते अनुवंशिकपण असतं. भित्रेपणामुळे होत नाही, उलट वर्षानुवर्षं लोक हसले की भीती नंतर येऊन बसते.

स्लोलोकल, एक विचारते. गणपतीत आरतीच्या शेवटी सगळे स्वतःभोवती गोल फिरतात ना, ती ओळ घ वरूनच सुरू होते. तिथे अडकता का? शंभर टक्के नाही. सगळ्यांबरोबर एका लयीत बोलताना किंवा गाताना अडखळणं जवळजवळ गायब होतं. मग जीभ बिघडलीये कशी म्हणायची?

फोनसाठी एक सांगते. प वर ओठ घट्ट मिटले की आपण अजून जोर लावतो आणि ते अजून घट्ट होतात. जोर लावू नका, शब्द सोडूनपण पळू नका. त्याच प वर थांबा, ओठ सैल सोडा, आवाज जरा लांबवत शब्दातून बाहेर या. अडखळणार तर आहातच, पण सैल अडखळायचं. वॅन रायपर म्हणून अमेरिकन थेरपिस्ट होते, स्वतः अडखळायचे, ही पद्धत त्यांची. घरी मुद्दाम अडखळून प्रॅक्टिस करायची, विचित्र वाटतं पण भीती तिथेच उतरते. हे वाचून नाही जमायचं, कुणासमोर बसून शिकावं लागतं. वांद्रे रेक्लेमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलमध्येही स्पीचचा विभाग आहे. आणि टीसा म्हणजे इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, तिथे अडखळणारेच एकमेकांना भेटतात, ते तर जाच.

साहेबांना सांगा असंच मी म्हणेन. लपवण्यात जी ताकद जाते ना ती बोलण्यापेक्षा जास्त असते, पेशंट हेच सांगतात.

कोकणी_मेवा
भाचा चार वर्षांचा होता. ओके.

फाईल_क्लोज्ड
ताई तुमचं सगळं बरोबर असेल पण मी सांगून पस्तावलोय. आधीच्या कंपनीत मॅनेजरला विश्वासाने बोललो, त्याने खांद्यावर हात बित ठेवला आणि पुढच्या आठवड्यात 'तुझ्या सोयीसाठी' मला सगळ्या कॉल्सवरून काढलं. अप्रेझलला ऐकवलं, क्लायंट एक्स्पोजर कमी आहे. दिव्यांग सर्टिफिकेटच्या भरवशावरपण राहू नका, २०१६ च्या कायद्यात वाचा आणि भाषेचा गट आहे खरा पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेलं, अ‍ॅफेजिया (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) अशा गोष्टींभोवती आहे, आपण त्यात सहज बसत नाही.

तेव्हा सांगायचं तर मेलवर सांग, लेखी. आणि 'मला प्रॉब्लेम आहे' एवढंच लिहून सोडू नकोस. काय पाहिजे ते लिही. कॉल मीच करणार, वेळ लागेल, मध्ये शब्द पुरवू नका. नाहीतर ते दया दाखवून मोकळे होतात आणि तू घरी.

मास्तर_निवृत्त
मी बेस्टला कंडक्टर होतो, ३१ वर्षं. अडखळायचो आणि अजूनही अडखळतो. तुम्ही म्हणाल कंडक्टर कसा काय झाला, तर पोट.

पहिली दोन वर्षं मी 'तिकीट' हा शब्द बोललोच नाही, हातातला चिमटा टिकटिक वाजवत फिरायचो, पब्लिक आपोआप पैसे काढायचं. गाडी थांबवायला एक घंटी, सोडायला दोन, तिथे तोंडाचं काम नाही. 'पुढे चला पुढे चला' हे मात्र सुरात यायचं, कधी अडकलं नाही, वर ताई गाण्याचं म्हणतात ते तेच असणार. घोळ व्हायचा उरलेले पैसे देताना नाहीतर कुणी स्टॉप विचारला की. एकदा एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं प्लाझा आला का, मला 'पुढचा' म्हणता येईना, मी मान हलवली, तिला वाटलं आला, ती उतरली. भर पावसात. तो दिवस मला अजून आठवतो. बाळा, तुझे दहा हजार परत येतील, पण मी त्या आजीला कुठे शोधू?

त्याच्यानंतर मी मान हलवायची बंद केली. अख्खी गाडी थांबली तरी चालेल, शब्द पूर्ण बोलणार. लोक हसायचे. हसू दे, तिकीट तर माझ्याकडूनच घ्यायचंय.

स्लोलोकल_बदलापूर
सगळ्यांना थँक्यू. काका, तुमचं ट्रेनमध्ये वाचत होतो, ठाणे कधी गेलं कळलं नाही.

अपडेट देतो. सोमवारी साहेबांना मेल टाकला, फाईल_क्लोज्ड म्हणाला तसा, आणि पंचावन्न-पंचेचाळीसचं खरं काय झालं तेपण लिहिलं. उत्तर आलं दीड ओळीचं, 'ओके. कॉलनंतर आकडा मेलवर कन्फर्म करत जा.' बस. मी तीन रात्री झोपलो नव्हतो ह्याच्यासाठी! वांद्र्याला पुढच्या आठवड्यात जातोय. आरतीचं खरंय ताई, कधी लक्षातच आलं नव्हतं.

आज त्याच पार्टीला फोन केला, उरलेल्या दहा हजारांसाठी. सुरुवातीलाच म्हणालो मी अडखळतो, जरा थांबावं लागेल. टोटल बिल किती होतं सांगताना परत पं पं सुरू झालं आणि त्याने परत तेच, 'पंचेचाळीस?' मी म्हणालो नाही, थांबा. किती वेळ गेला माहीत नाही, मागे त्याच्याकडे कुणीतरी चहा मागत होतं ते सगळं ऐकू येत होतं. मग पंचावन्न म्हणालो. तो म्हणाला बरं, संध्याकाळपर्यंत टाकतो.

अजून आलेले नाहीत, पण ते पार्टीचं नेहमीचंच आहे.