लोक आळशी झाले होते, हे पटत नाही

कोरोनाच्या काळात अमेरिकेत बेकारांना जादा भत्ता मिळाला, त्याबद्दल "घरबसल्या डॉलर मिळत होते म्हणून कामाला माणसं मिळेनात," असं काही जण म्हणतात. टेक्सासमध्ये राहून जे पाहिलं, त्यावरून हे अजिबात पटत नाही. बेकारी भत्त्यावरचे आठवड्याचे ते जादा ३०० डॉलर केंद्र सरकारने ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत देऊ केले होते. टेक्सासने ते २६ जूनलाच थांबवले.

शेजारची बाई रेस्टॉरंटात वाढपाचं काम करायची. इथे टिप मिळणाऱ्यांना मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं, बाकी भिस्त टिपवर. टेबलं अर्धी रिकामी, तर टिप कुठून येणार? त्यात जून म्हणजे शाळांना सुट्टी, दोन्ही मुलं घरी. पाळणाघराचा खर्च वजा केला की हातात काय उरतं, याचा हिशेब ती विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडून बसली होती. तो कागद तिने मला दाखवला. याला आळस म्हणायचं?

आणि टॅक्सी चालवणारे, छोटी कंत्राटं घेणारे? त्यांना नेहमीचा बेकारी भत्ता लागूच नाही. त्यांना भत्ता देणारी खास महामारीसाठीची योजना बंद झाली, तेव्हा त्यांचे नुसते ३०० गेले नाहीत, सगळंच गेलं.