हायपरसॉनिकच्या मागे किती धावायचं?

रातकिडा
१६ नोव्हेंबर २०२४ ला डीआरडीओने ओडिशाजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून दीड हजार किलोमीटरहून जास्त पल्ल्याचं हायपरसॉनिक क्षेपणास्त्र उडवलं. अभिनंदन, पेढे सगळं झालं. पण आपल्या अग्नी-५ चं टोकसुद्धा वातावरणात परत शिरताना मॅक ५ च्या, म्हणजे आवाजाच्या पाचपट वेगाच्या, कितीतरी पुढे असतं. मग ‘आवाजाच्या पाचपट’चं एवढं अप्रूप कशाला? अमेरिकी संसदेच्या बजेट कार्यालयाने २०२३ मध्ये हिशेब मांडला होता: तेवढ्याच पल्ल्याच्या, टोक वळवता येणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रापेक्षा हे हायपरसॉनिक प्रकरण साधारण एक तृतीयांशाने महाग. आणि रशियाचं ‘अजिंक्य’ हायपरसॉनिक क्षेपणास्त्र किंझाल? मे २०२३ मध्ये कीववर पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेने पाडलं. हा पैसा पाणबुड्यांना द्या.

तोफखाना
वेगाचं अप्रूप नाहीच हो! बॅलिस्टिक उंच कमान करून येतं, रडारला लांबून दिसतं, कुठे पडणार त्याचा अंदाज आधीच बांधता येतो. ग्लायडर, म्हणजे रॉकेटने वर नेऊन सोडलेलं, पुढे इंजिनाशिवाय तरंगत येणारं हायपरसॉनिक टोक, खालून वळतवळत येतो. किंझाल तर इथे आणूच नका, ते इस्कंदर या जमिनीवरून डागायच्या रशियन बॅलिस्टिकचंच विमानातून सोडायचं भावंड. चीनने ग्लायडरवालं डीएफ-१७ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात मिरवलं, आपण पाणबुड्या मोजत बसायचं का?

रातकिडा
खालून येतं तसं हवेत घासून तापतंही, म्हणजे इन्फ्रारेड उपग्रहाला लख्ख दिसतं. आणि प्रत्येक वळणाला वेग जातो. हे कुणी सांगत नाही.

जुना फिटर
ग्लायडर सोडा, हायपरसॉनिक क्रूझची, म्हणजे इंजिनावर हवेतूनच उडत जाणाऱ्या क्षेपणास्त्राची, खरी गोम इंजिनात आहे. त्याच्या स्क्रॅमजेट इंजिनमध्ये बाहेरून ओढलेली हवा आवाजाहून जास्त वेगाने ज्वलनकक्षातून निघून जाते. इंधन मिसळून पेटायला जेमतेम काही मिलिसेकंद मिळतात. इस्रोने २०१६ मध्ये ही ज्योत ५ सेकंद टिकवली. सप्टेंबर २०२० मध्ये डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या चाचणी-यानाने मॅक ६ च्या आसपास २० सेकंदांहून जास्त. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला १००० सेकंदांच्या वर. भिंती वितळू नयेत म्हणून जळायच्या आधी इंधनच भिंतींमधून फिरवतात, तेच उष्णता ओढून घेतं. मॅक ६ ने १००० सेकंद म्हणजे १८०० किलोमीटरच्या आसपास, गणित तुम्हीच करा. मात्र ही हैदराबादची चाचणी जमिनीवरची आणि छोट्या आकाराच्या ज्वलनकक्षाची. एवढा वेळ उडणं अजून बाकी आहे. तरी हे शिकणं पैशात मोजू नका, हे कुणी विकत देत नाही.

अदिती_क
इंजिन चालेलच हो. ९ मार्च २०२२ आठवतंय? आपलं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती आणि समोरच्याने उलट काही डागलं नाही, म्हणून निभावलं. तेच दुप्पट वेगाने गेलं असतं तर विचार करायला त्यांना निम्मा वेळ मिळाला असता. आत अणुबॉम्ब आहे की साधी स्फोटकं, हे रडारवरच्या माणसाला कसं कळणार? ‘आधी वापर नाही’ हे धोरण कागदावर छान आहे, त्या मोजक्या मिनिटांत ते कोण वाचतो?

तोफखाना
म्हणजे शेजाऱ्याला भीती वाटते म्हणून आपण बनवायचंच नाही?

अदिती_क
असं कुठे म्हटलं मी? बनवा. पण २००५ चा पाकिस्तानसोबतचा पूर्वसूचनेचा करार फक्त बॅलिस्टिक चाचण्यांपुरता आहे, क्रूझ त्यात नाही. म्हणजे स्क्रॅमजेटवालं उद्या उडवलं तर कळवायचं बंधनच नाही. तेवढं कलम वाढवायला कुठलं इंजिन लागतं?

रातकिडा
चीनशी तर तसाही करार नाही. आणि पाणबुड्यांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.