सू तुंगफो यांची कबर जन्मगावापासून इतक्या दूर का?

गोदाकाठ (पंचवटी) यांचा प्रश्न

नमस्कार. सुंग राजवटीतील चिनी कवी सू शी, ज्यांना सू तुंगफो या नावानेही ओळखले जाते, त्यांच्याविषयी वाचताना एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. त्यांचा जन्म १०३७ मध्ये सिच्वान प्रांतातील मेइशान येथे झाला आणि ११०१ मध्ये यांगत्से नदीच्या दक्षिणेस असलेल्या चांगचौ येथे ते वारले. त्यांची कबर मात्र या दोन्ही ठिकाणी नसून उत्तरेकडे, हेनान प्रांतातील ज्याश्येन येथे आहे. नकाशावर पाहिले तर मेइशानपासून हे ठिकाण सरळ रेषेतही जवळपास हजार किलोमीटर भरते.

रामकुंडावर लांबलांबच्या गावांहून लोक अस्थी घेऊन येतात, हे आम्ही पंचवटीतले रहिवासी रोज पाहतो. गेलेल्या माणसाला जेथे पोहोचवायचे तेथे पोहोचवण्यासाठी घरचे लोक किती यातायात सोसतात, याची त्यामुळे चांगली कल्पना आहे. चीनमध्ये तर आईवडिलांच्या शेजारी पुरले जाण्याला फार मोठे महत्त्व होते. मग इतक्या नामवंत कवीला त्याच्या गावी का नेले नाही? शिवाय ज्याश्येनच्या त्या स्थळाला ‘तीन सूंच्या कबरी’ असे म्हणतात. याचा अर्थ त्यांचे वडीलही तेथेच आहेत का?

जुनेपुस्तक (कॉलेज रोड)

वडिलांचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात संपते. वडील सू श्युन हे मेइशानजवळच पुरलेले आहेत. ज्याश्येन येथील त्यांची कबर रिकामी असून ती १३५० मध्ये, युआन काळात, तेथील एका अधिकाऱ्याने प्रतीक म्हणून उभारली. प्रत्यक्षात तेथे आहेत ते दोघे भाऊ, सू शी आणि धाकटे सू चे.

आता मुख्य प्रश्न. शव गावी नेणे म्हणजे काय असते, हे सू शींनी स्वतः अनुभवलेले होते. १०६५ मध्ये राजधानी काइफंग येथे त्यांची पहिली पत्नी वांग फू वारली आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. दोन्ही शवपेट्या घेऊन दोघे भाऊ निघाले. आधी कालव्याने आणि ह्वाय नदीने, मग यांगत्सेच्या प्रवाहाविरुद्ध, तिच्या अरुंद घळींतून वर चढत त्यांनी मेइशान गाठले तेव्हा १०६७ चा उन्हाळा आलेला होता. वाटेतच दहा महिने गेले होते. त्या वेळी दरबाराने नाव दिलेली होती आणि दोन्ही मुलगे तरुण होते. ११०१ मध्ये यातले काहीच नव्हते. सू शी नुकतेच हायनान बेटावरच्या हद्दपारीतून सुटून आलेले, कुटुंब विखुरलेले आणि हाताशी पैसा बेताचा. त्यात ११०२ मध्ये राजकारण पुन्हा उलटले आणि त्यांच्या गटातील माणसांची काळी यादी निघाली. अशा वेळी मुलांनी सिच्वानचा प्रवास हाती घेणे जवळपास अशक्यच होते. माझ्या मते अंतर, पैसा आणि राजरोष या तिन्हींत उत्तर मिळून जाते.

ब्रह्मगिरी (त्र्यंबकेश्वर)

वरील माहिती अचूक आहे, परंतु तेवढ्यावर उत्तर पूर्ण होते असे मला वाटत नाही. केवळ अडचण असती, तर त्यांना चांगचौ येथेच पुरले असते. त्या भागात त्यांची स्वतःची जमीन होती आणि मृत्यूही तेथेच झाला होता. ज्याश्येनला नेण्यासाठीसुद्धा शवपेटी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे न्यावीच लागली. हा खटाटोप कुटुंबाने केला तो सू शींनी स्वतः तसे सांगून ठेवले होते म्हणून. आजार बळावला तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला पत्र लिहून कळवले की, मी गेलो तर मला सुंगशान पर्वताच्या पायथ्याशी पुर आणि माझा समाधिलेख तू लिही. हे सू चे यांनी त्याच समाधिलेखात नोंदवून ठेवले आहे. ११०२ मध्ये दफन झाले.

सुंगशानचाच परिसर का, तर सू चे तेव्हा यिंगछांग, म्हणजे आजचे श्युछांग, येथे राहत होते आणि ज्याश्येन तेथून जवळ आहे. थोरल्या भावाने स्वतःसाठी जागा निवडली ती धाकट्याच्या आवाक्यातली, आणि या निवडीमागे आयुष्यभराची एक गोष्ट आहे. तरुणपणी, सरकारी नोकरीत शिरण्याच्या सुमारास, दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की लवकर निवृत्त व्हायचे आणि शेजारी शेजारी पलंग टाकून रात्रीचा पाऊस ऐकायचा. पुढे बदल्या आणि हद्दपाऱ्या यांत ते कधी जमलेच नाही. १०७९ मध्ये कवितांवरून खटला होऊन सू शी तुरुंगात पडले. आता आपल्याला देहदंड होणार असे वाटून त्यांनी भावासाठी ज्या कविता लिहिल्या, त्यांत म्हटले आहे की हाडे पुरायला कोणताही हिरवा डोंगर चालेल, परंतु पुढे कधी रात्री पाऊस पडेल तेव्हा तू एकटाच दुःख करीत बसशील. आणि जन्मोजन्मी आपण भाऊच होऊ या.

१०९७ च्या उन्हाळ्यात एक जण हायनानला आणि दुसरा लेइचौला असे हद्दपार होऊन निघाले असता वाटेत त्यांची गाठ पडली, काही दिवस बरोबर गेले आणि समुद्रकिनाऱ्यावर ते वेगळे झाले. त्यानंतर भेट झाली नाही. चांगचौ येथे अखेरच्या आजारात सू शींनी एका मित्राजवळ हेच बोलून दाखवले की भावाची भेट न होताच निरोप घ्यावा लागतो आहे, हे दुःख सोसवत नाही. जिवंतपणी भावाजवळ राहता आले नाही तेव्हा मरणोत्तर तरी राहावे, असाच त्या पत्राचा अर्थ मला वाटतो. १११२ मध्ये सू चे वारले आणि त्यांनाही तेथेच पुरण्यात आले.

आमच्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, ज्ञानदेवांची आळंदीला आणि सोपानदेवांची सासवडला; एका घरातील भावंडे तीन गावी विसावली. सू बंधूंचे नेमके याच्या उलट झाले. आयुष्यभर वेगवेगळ्या गावी राहिलेले दोघे अखेरीस एका आवारात आले.

गोदाकाठ (पंचवटी)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भावाचे कारण पूर्णपणे पटले, तरी एक शंका उरते. पहिल्या पत्नीची कबर मेइशानला, आईवडिलांची मेइशानला. १०७५ मध्ये पत्नीच्या आठवणीने लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत हजार कोसांवरच्या एकाकी कबरीचा उल्लेख येतो. अशा माणसाला गावच्या मातीची ओढ शेवटी उरली नव्हती का?

ओवी (नाशिक रोड)

ओढ होती, आणि तसे लिहून ठेवलेले आहे. सू चे यांनी थोरल्या भावाच्या स्मरणार्थ जी श्राद्धपर रचना केली, तिच्यातील काही ओळींचा आशय असा आहे: वाडवडिलांच्या कबरी पश्चिमेला आहेत, हाडे त्यांच्याशेजारी परत न्यावीत असे आपले फार पूर्वी ठरले होते; परिस्थितीपुढे ते साधले नाही, पण म्हणून आठवण नाही असे कसे होईल? ही भूमी परकी असली तरी येथील डोंगराचे नाव अमेइ आहे. ही दैवाची आज्ञा, माणसाची नव्हे. अमेइ हा त्यांच्या मायभूमीतला, मेइशानजवळचा प्रख्यात पर्वत. ज्याश्येनजवळच्या टेकड्यांनाही तेच नाव होते आणि धाकट्या भावाने त्या नावाचा आधार घेतला. आजही तेथे ‘लहान अमेइ’ दाखवतात, आणि कबरीजवळचे सायप्रसचे वृक्ष नैर्ऋत्येला, म्हणजे गावाकडे, झुकलेले आहेत असे स्थानिक लोक मोठ्या प्रेमाने सांगतात.

तरीही सू शी यांनी परगावच्या मातीविषयी मनाची तयारी फार आधीपासून केलेली होती. हायनानला निघताना त्यांनी एका परिचित अधिकाऱ्याला लिहिले की, पोहोचल्यावर आधी शवपेटी करीन, मग कबर खणवीन, आणि मरण आले तर समुद्रापलीकडेच पुरावे असे मुलांना सांगून ठेवले आहे. या पत्रात ते वू राज्याच्या ची चा या जुन्या राजपुत्राचा दाखला देतात. प्रवासात मुलगा वारला तेव्हा ची चाने त्याला वाटेतच पुरले आणि हाडामांसाने मातीत परतायचे असते, प्राण मात्र कोठेही जाऊ शकतो, असे म्हटले. कन्फ्यूशियसने त्याची कृती शास्त्राला धरून आहे असा निर्वाळा दिला होता. पितृभक्तीला इतके जपणाऱ्या परंपरेत दूरच्या दफनाला प्रतिष्ठा देणारा याहून भक्कम आधार सू शींना मिळाला नसता.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख येथे व्हायला हवा, कारण ती सहसा मागे पडते. सू शी यांची दुसरी पत्नी वांग रुनचि १०९३ मध्ये काइफंग येथे वारली. तिची शवपेटी राजधानीजवळच्या एका मंदिरात तात्पुरती ठेवली होती, आणि आपण दोघे एकाच कबरीत असू हे वचन सू शींनी तिच्या शोकलेखात दिले होते. त्यानंतर लगेचच हद्दपारी सुरू झाली आणि ती पेटी नऊ वर्षे तशीच थांबून राहिली. काइफंग आणि ज्याश्येन दोन्ही हेनानमध्येच असल्याने ११०२ मध्ये सू चे यांना दादा-वहिनींना एकत्र पुरता आले आणि भावाने दिलेला शब्द त्यांनी पाळला. ह्वेइचौच्या हद्दपारीत १०९६ मध्ये वारलेल्या त्यांच्या उपपत्नी चाओयुन यांची कबर मात्र दक्षिणेतच, तेथील तळ्याकाठी राहिली.

जुनेपुस्तक (कॉलेज रोड)

ओवी यांनी दिलेल्या ओळींमुळे दोन्ही बाजू नीट जुळतात. परिस्थितीपुढे साधले नाही, हे सू चे स्वतःच म्हणतात. चिनी इतिहासात उशिरा शव हलवल्याची उदाहरणे आहेतच. तांग काळातील कवी तू फू ७७० मध्ये हुनानमध्ये नावेवर वारले आणि त्रेचाळीस वर्षांनी, ८१३ मध्ये, त्यांचा नातू तू सिये याने अवशेष हेनानमधील घराण्याच्या जागी आणले. सू शींच्या बाबतीत अशी संधी पुढे आली नाही. ११२७ मध्ये उत्तर चीन जुरचेन लोकांच्या चिन राजवटीच्या हाती गेला, सू घराण्यातील मंडळी दक्षिणेकडे गेली आणि ज्याश्येन परक्या राज्यात राहिले. पुढे ११७३ मध्ये दक्षिण सुंग सम्राटाने सू शींना मरणोत्तर मोठे पद दिले, तेव्हाही त्यांची कबर त्या सम्राटाच्या राज्याबाहेरच होती.