बायोसेन्सर : जैवसंवेदक म्हणायचं की अजून काही?

नमस्कार मंडळी, आठवी-नववीच्या मुलांसाठी दूषित पाण्यावर एक लेख लिहितेय आणि एका शब्दाशी गाडी अडलीय. बायोसेन्सरला जैवसंवेदक म्हणतात हे माहितीये, पण साखर तपासायच्या मशीनची पट्टी पण बायोसेन्सरच, तिच्यात नुसतं एन्झाइम असतं, जिवंत काहीच नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे, म्हणजे अख्खी जिवंत पेशी, जिचे जीन्स असे बदललेत की ठरावीक जंतू जवळ आला की ती रंग सोडते. उदा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मुलांनी 2010 मध्ये आयजेम ह्या विद्यार्थ्यांच्या जीवशास्त्र स्पर्धेसाठी बॅसिलस सबटिलिस ह्या जिवाणूवर असं काम केलं होतं, पाण्यातल्या शिस्टोसोमा परजीवीची अळी कातडीत शिरायला जे एन्झाइम वापरते तेच ओळखायचं आणि पिवळा रंग द्यायचा. ह्याला एक शब्द सुचवा ना, आणि संवेदक म्हटलं की मुलांना संवेदना आठवते, पेशीला कुठे काय वाटतंय!

---

ताई, मी गावात जलसुरक्षक आहे. आमच्याकडे पाणी तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) बाटली असते, तिच्यात पाणी भरून झाकण लावून ठेवायचं, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी काळंकुट्ट झालं की पाण्यात घाण मिसळलीय, उघडली तर सडक्या अंड्याचा वास. तिच्यात पण जंतूच काम करतात ना, मग तो पण जिवंत सेन्सर का?

---

दादा, थोडा फरक आहे. तुमच्या बाटलीत पाण्यातले जंतूच वाढतात आणि तेच बाटली काळी करतात. ताई म्हणतायत त्यात राखणीला बसवलेली पेशी आपली असते, म्हणून मी पेशीसंवेदक म्हणेन. स्वस्त पडायचं कारणही तेच, एकदा पेशी तयार झाली की ती स्वतःच वाढते, विरजणासारखी. आणि विरजण उगाच नाही म्हणत, 2018 ला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणजे ताक-चीजमधला जिवाणू घेऊन त्याला कॉलऱ्याचा जंतू ओळखायला शिकवलं. ते पाण्यात नाही, उंदराच्या आतड्यात, आणि रंग तपासला विष्ठेत.

पण खरी गंमत पुढे आहे. कॉलऱ्याचे जंतू आपण किती जण जमलोय हे कळायला एक रसायन सोडतात, ह्याला कोरम सेन्सिंग म्हणतात, आणि ती पेशी तेच रसायन पकडते. कोरमला आपल्याकडे गणपूर्ती हा पक्का शब्द आहे, सोसायटीच्या मीटिंगची नोटीस बघा. तर गणपूर्ती-संवेदन.

---

गणपूर्ती फारच आवडला! आणि त्यावरून मला चाहूल सुचला. माणूस दिसत नाही पण पावलं वाजतात तेव्हा चाहूल लागते म्हणतो, ही पेशी पण जंतूला बघत नाही, त्याने सोडलेलं काहीतरी पकडते. सुगावा नको, तो चोराचा लागतो, लपवलेल्या गोष्टीचा. म्हणून लेखात नाव पेशीसंवेदक ठेवते आणि काम सांगताना "पेशीला जंतूची चाहूल लागते". फक्त एक वाक्य ठळक टाकणार, की जंतू थोडे असतील तर ते रसायनही थोडंच, चाहूल लागणारच नाही, म्हणून रंग आला नाही तर पाणी "शुद्ध" असं लिहायचं नाही, "चाहूल लागली नाही" एवढंच. दादा, तुमच्याकडे बाटली काळी पडली की काय म्हणतात?

---

नमुना फेल गेला म्हणतात. आणि बायका म्हणतात, पाणी बाटलं.